जानकीबाईंच्या हाका

सन २०५८ची गोष्ट. सांगलीच्या स्मृतिकेंद्रात, विसर पडू लागलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी यंत्रात साठवत आणि कानामागच्या चकतीतून त्यांना परत पुरवत. प्रोग्रॅम लिहायचा ऋत्विज. साठवलेला डेटा सांभाळायच्या इंदुमतीबाई. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा तिथला रिवाज.

केंद्रात येणाऱ्या भास्करराव लाटकरांचा साठा इतका फुगला, की चकतीतून मुलीचं नाव यायलाही वेळ लागू लागला, तेव्हा ऋत्विजने दुबार आठवणी पुसणारा प्रोग्रॅम लिहिला.

"मावशी, यांच्या गेलेल्या बायकोची, जानकीबाईंची, एकच हाक हजारो वेळा आहे. 'उठा, नळ जाईल!' एक ठेवतो, बाकीच्या उडवतो."

"थांब रे, उडव्या! ऐकल्यास का त्या?"

"शब्द जुळवले की. सगळे सारखे."

इंदुमतीबाईंनी त्याला शेजारी बसवून एकेक हाक ऐकवली. एकीत सर्दी होती, एकीत हसू, एकीत आदल्या रात्रीचं भांडण. ऋत्विजचा हात पुसायच्या बटणावरून मागे आला.

"मग वेग कसा वाढवायचा?"

"कुठली आठवण कुठे आहे, याची सूची बांधू, म्हणजे यंत्राला दरवेळी सगळं चाळावं लागणार नाही. ते मी शिकवते, तू मला प्रोग्रॅम शिकव."

त्या आठवड्यात भास्कररावांनी मुलीला नावाने हाक मारली, आणि जानकीबाईंची एकही हाक पुसली गेली नाही.

पुढे दोन्ही कामं प्रत्येकाने शिकायची, असं केंद्राने ठरवलं. इंदुमतीबाई निवृत्त होऊन कोल्हापूरला लेकाकडे गेल्या. ऋत्विज केंद्राचा प्रमुख झाला; नव्या पोरांना तो आधी नुसतं ऐकायला बसवी. भास्करराव आणखी काही वर्षं जगले. रोज सकाळी जानकीबाई त्यांना उठवत, आणि ज्या दिवशी त्या रागावलेल्या असत, त्या दिवशी भास्करराव मुद्दाम उशिरा उठत.