दोनशे मीटर

सकाळी साडेआठला नगररचना खात्याच्या मॅडम नाक्यावरच्या कट्ट्यावर बसून गाड्या मोजत होत्या. वस्तीला लागून बाजार, दवाखाना, शाळा त्यांनीच आणली होती. माणसं पायी जातील, गाड्या घरी राहतील, धूर कमी होईल, असं त्यांनी छातीठोकपणे लिहून दिलं होतं. दोन वर्षं झाली, धूर होता तेवढाच होता. सोमवारी समितीपुढे आकडा ठेवायचा होता. तो उतरला नाही तर योजना गुंडाळणार आणि पुढच्या वस्तीचा बाजार पुन्हा गावाबाहेर जाणार, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

एकशे बेचाळिसावी स्कूटर त्यांच्या सासऱ्यांची निघाली.

"बाबा, थांबा. कुठे निघालात?"

"भाजीला."

मॅडमचं डोकंच फिरलं. "बाजार घरापासून दोनशे मीटर आहे. मी स्वतः मोजलाय."

"कशानं?"

मोजला होता नकाशावर. वस्तीच्या ठिपक्यावर कंपासचं टोक रोवून वर्तुळ फिरवलं होतं आणि बाजार त्यात ऐसपैस मावला होता.

"बस मागे," सासरे म्हणाले.

त्यांनी स्कूटर उलटी वळवली आणि घरामागच्या गल्लीच्या टोकाला नेऊन उभी केली. या टोकाला मॅडम कधी आल्याच नव्हत्या. समोर आठ फुटी भिंत. पलीकडून भाजीवाल्यांच्या हाका कानाशी याव्यात तशा येत होत्या. पूर्वी तिथे पाणीखात्याचं पाइपांचं कोठार होतं. कोठार जाऊन बाजार झाला, भिंत मात्र राहिली, आणि भिंत राहिली म्हणून तिचा राखणदारही राहिला. तो स्टुलावर बसून पेपर वाचत होता.

"वळसा दीड किलोमीटरचा," सासरे म्हणाले. "गुडघे माझे आहेत, सरकारी नाहीत."

"इथे वाट काढायचा अर्ज कुणी केला नाही?"

"केला ना," राखणदार उठून उभा राहिला. "आमच्या खात्यानं हरकत नाही म्हणून लिहून दिलं. अडलं ते नगररचनेत." त्यानं खिशातून घडी पडलेला कागद काढला.

'अर्जदारांची घरे बाजारापासून दोनशे मीटरच्या आत असल्याने वेगळ्या वाटेची आवश्यकता दिसत नाही.' खाली झोकदार सही. मॅडमची. आणि अर्जदारांत, सही करताना न वाचलेलं, पहिलं नाव सासऱ्यांचं.

"घरात का नाही बोललात, बाबा?"

"सुनेकडे वशिला लावू? मी रीतसर अर्ज केला, तू रीतसर फेटाळलास. अभिमानच वाटला मला. वैतागही आला."

मॅडमना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हसू फुटलं, ते आवरेना. दोन वर्षं त्या माणसांना आळशी म्हणत होत्या. माणसं शहाणी होती, योजनाही शहाणी होती. मध्ये फक्त नऊ इंच विटा होत्या. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. त्यांनी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला, 'वाट तातडीने मोकळी करावी' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"शिक्का ऑफिसात गेल्यावर मारते."

"मारा सावकाश," म्हणत राखणदार खोपटात शिरला आणि पहार घेऊन बाहेर आला.

"अहो, आत्ताच? मग तुम्ही राखणार काय?"

"वाट राखीन, मॅडम. भिंतीला कान असतात म्हणे. इतकी वर्षं बोलतोय हिच्याशी, एकदा हूं म्हणाली नाही."

पहिल्या घावाला गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्याला कुणी घमेलं आणलं, कुणी हातोडा. बघता बघता दहा-बारा माणसं जमली. सासऱ्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. गुडघ्यांचं कुणी नावही काढलं नाही. मॅडम साडीचा पदर खोचून विटा उचलायला लागल्या.

धूळ खाली बसली तेव्हा भिंतीला परातीएवढं भोक पडलं होतं. भोकाच्या पलीकडे भाजीवालीचा चेहरा होता, हातात तराजू तसाच धरलेला. तिनं सासऱ्यांना ओळखलं. मग त्यांच्या मागची गल्ली पाहिली, घरं पाहिली, रोज तिच्याकडे स्कूटरवरून येणारी सगळी माणसं पाहिली.

"अगंबाई," ती म्हणाली, "तुम्ही इथे राहता होय?"