१०२.४

साथ कधीच सरली होती. मेडिकल कॉलेजातली अडगळ आवरताना म्हाताऱ्या शिपायाला ताप मोजायचं पिस्तूल सापडलं, आणि त्याला हसूच आलं. तेव्हा वर्गाच्या दारात तो एकेकाच्या कपाळावर ते रोखायचा, अन् पोरं हात वर करून म्हणायची, "मामा, शरण आलो!"

एका मुलीला मात्र १०२.४ दिसताच त्याने नियमावर बोट ठेवून परत पाठवलं होतं.

"मामा, आज पेपर आहे हो," ती काकुळतीला आली होती.

पुन्हा ती आलीच नाही.

तो त्याच दारात जाऊन उभा राहिला आणि गंमत म्हणून त्याने समोर पिस्तूल रोखलं. समोर कुणीच नव्हतं.

१०२.४.

मामा बाजूला झाला. "जा बाळा, बस पेपरला."

आकडा विझला, आणि पाठीमागे रिकाम्या वर्गात पहिलं बाक करकरलं.