बोटभर मागे

"साखळी आणलीस का?" ऑरिन टिबेट्स अजून दारातच होता, तेवढ्यात लाईल हॅस्केटने विचारलं.

"आणली की! आधी दम तरी खाऊ दे. बारा मैल गाडी हाकत आलोय." ऑरिनने खांद्यावरची गोणी पडवीत टाकली. ती खळखळली.

लाईलची मुलगी नदीन कॉफी घेऊन बाहेर आली. "काका, हात बघा किती काळे झालेत तुमचे!"

"गंज गं. एकतीस वर्षं शाळेच्या कोठीत पडून होती. सकाळपासून घासत बसलोय."

नदीनने त्याला ओला रुमाल आणून दिला. या घरात ऑरिनचं कौतुक होतं आणि ते उगाच नव्हतं. अख्ख्या मेरिडेल गावातून हॅस्केटच्या दारी येणारा तो एकटाच. गवत कापून द्यायचा, मोडलेलं फाटक त्याने स्वतः वेल्डिंग करून दिलं होतं. लाईलच्या बायकोच्या मयताला मेरिडेलहून तेवढाच एक माणूस आला होता.

बाकी गाव लाईलला आंधळा म्हणायचं. दरवर्षी फुटबॉलचा मोसम सुरू झाला की त्याच्या टपालपेटीत कोणीतरी काळा चष्मा टाकून जायचं. लाईलने एकही फेकला नव्हता. खाटेखाली बुटांच्या खोक्यात असे तीस चष्मे जमले होते. त्याचं टायरचं दुकान होतं, त्याकडे मेरिडेलच्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि दोन वर्षांत कुलूप लागलं. आमच्या टेक्सासात माणूस मारलात तर एखादा पाद्री तरी तुमच्या बाजूने उभा राहील. सामना घालवलात तर कोणी नाही.

तो सामना १९७८ सालचा. मेरिडेल आणि केटलर या दोन शाळांमधला, मेरिडेलच्याच मैदानावर. जो जिंकेल तो राज्यस्पर्धेला जाणार होता. शेवटचं मिनिट उरलं होतं. आमच्याकडच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन धावतात; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. त्यातले तीन मेरिडेलने वाया घालवलेले. चौथ्याला ड्यूई कोलार चेंडू छातीशी कवटाळून माणसांच्या ढिगात घुसला. लाईल पंच होता. त्याने एकेकाला उठवून ढीग मोकळा केला आणि ड्यूईचा गुडघा टेकला त्या जागेवर चेंडू ठेवला. मग रिवाजाप्रमाणे यजमान गावची माणसं दोन काठ्या आणि त्यांच्यामधली दहा यार्डांची साखळी घेऊन आली. पुढची काठी ऑरिनच्या हातात होती. साखळी ताणली. चेंडू पुढच्या काठीच्या बोटभर मागे राहिला आणि मेरिडेल हरलं.

ड्यूईला आपल्या संघात घ्यावं का हे बघायला कॉलेजची माणसं आली होती, ती उठून गेली. ड्यूई आजही कापसाच्या गासड्या उचलतो.

"मी चेंडू चुकीच्या जागी ठेवला का, एवढंच मरण्याआधी कळू दे मला," लाईल म्हणाला. त्याच्या नाकात प्राणवायूची नळी होती आणि डॉक्टरांनी आता महिन्यांची भाषा सोडली होती. "मी पाहिलं होतं रे. गुडघा टेकला तेव्हा पोरगा पोचला होता. मग साखळीने नाही कसं म्हटलं? आणि केटलरची पोरं आठव. दोन-दोन यार्ड रेटत जाणारी, कधी न अडणारी. तीही त्या रात्री दोनदा केसाने चुकली."

"म्हणून आता साखळीवर संशय होय?"

"सामन्याआधी ती मोजणं माझं काम होतं. तुम्ही मंडळी म्हणालात, मोजलीय. मी मान डोलावली." लाईलला धाप लागली. "डोळा तरी खोटा, नाहीतर साखळी तरी. नदीन, टेप आण."

नदीनने साखळी अंगणात सरळ पसरली. ऑरिनने एक टोक पायाखाली दाबून धरलं. ती टेप घेऊन दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि वाकून बघत राहिली.

"तीस फूट, बाबा. बरोब्बर दहा यार्ड."

"परत मोज."

तिने परत मोजली. आकडा तोच आला.

मग लाईलने कागद मागितला. चार ओळी लिहायला त्याला अर्धा तास लागला. ड्यूईची माफी मागितली होती, आणि खाली सही.

"एकट्या ड्यूईला देऊ नकोस. शनिवारी कॅफेत सगळ्यांसमोर वाच. आंधळा म्हणत होते ना, खरंच होतं म्हणावं."

"लाईल, जाऊ दे ना. कशाला आता..."

"नाही, वाचायचं." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "तू मला कधी एका शब्दाने बोलला नाहीस. तुला माहीत होतं मी चुकलोय. तरी येत राहिलास."

ऑरिनने चिठ्ठी खिशात घातली. साखळी गोणीत भरायला त्याला फार वेळ लागला. निघताना नदीनने त्याला मिठी मारली. "तुम्ही नसतात तर बाबा कधीच गेले असते, काका."

फाटकाबाहेर मैलभर गेल्यावर त्याने गाडी थांबवली. चिठ्ठीच्या खाली, खिशाच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेली साखळीची एक कडी होती. दोन बोटं लांब. सकाळी कापल्याची कड अजून चकाकत होती. एकतीस वर्षांपूर्वी, सामन्याच्या दिवशी, केटलरची पोरं अडावीत म्हणून त्यानेच ती त्या साखळीत जोडली होती. त्याच साखळीने आपलीही पोरं मोजली जातील, हे काही तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.