झोपवायचा आवाज

बोलता बोलता मावशींनी वर पाहिलं, तर समुपदेशक मॅडम खुर्चीत झोपल्या होत्या.

चक्क झोपल्या होत्या. मान एका खांद्यावर कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, तोंड जरासं उघडं. आपण किती वेळ एकट्याच बोलत होतो, हे मावशींना उमगेना.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला झोप लांबूनही ओळखता येते. ही साधी डुलकी नव्हती. मावशींचा आवाज आपोआप आणखी खाली आला. "...मग बहिणीनं नेला त्याला," त्यांनी वाक्य पुरं केलं. "तिचाच होता, तिनं नेला. त्यात विशेष असं काही नाही."

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, हा तर आपला झोपवायचा आवाज! दुपारची जेवणं आटोपली की पोरांना थोपटताना लावतात तो. एका सुरातला, कशावरच जोर न देणारा. या आवाजात वाण्याचं सामान जरी सांगितलं तरी पोरं झोपतात. आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगायला घेतलेली गोष्ट त्यांनी याच आवाजात सांगितली होती.

त्यांच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. कान-घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, हाती काही लागलं नाही, म्हणून त्यांनी इथं पाठवलं. इथं येऊन मावशी आजवर बोलल्या त्या पोरांच्या आयांबद्दल, नवऱ्याच्या गुडघ्यांबद्दल, नाहीतर मॅडमच्या कुंडीतलं रोप का सुकतंय त्याबद्दल. आज कसा कोण जाणे, बहिणीच्या मुलाचा विषय निघाला. बहीण आजारी पडली तेव्हा तो तान्हा होता, म्हणून मावशींकडे आला. तुरुतुरु धावायला लागला तेव्हा परत गेला. मावशींना स्वतःचं मूल झालं नाही.

दमली असेल बिचारी, त्यांनी मनाशी म्हटलं. मॅडमच्या तोंडावर ऊन येत होतं. मावशींनी पडदा ओढला, पंखा एकानं कमी केला, पर्स काखोटीला मारली आणि चपला हातात घेऊन दाराशी गेल्या. दार करकरणारं होतं. जरासं वर उचलून उघडलं की असली दारं आवाज करत नाहीत, हे काय त्यांना सांगायला हवं?

दार अर्धं उघडलं आणि त्या थांबल्या. आवंढा गिळला, तो खाली जाईना. आपण सांगितलं आणि ते कुणी ऐकलंच नाही. म्हणजे सांगितलंच नाही. आज असंच घरी गेलो तर हे पुन्हा कधी तोंडातून निघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मावशींनी दार आपटलं. आत उभं राहून.

मॅडम दचकून ताठ बसल्या. दाराशी चपला हातात घेऊन उभ्या असलेल्या मावशी दिसल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मला झोप लागली होती."

"अहो, चालायचंच! माझा आवाजच तसला. पोरं पटापट झोपतात. चूक माझीच."

"नाही. चूक माझी आहे. ती माझ्याकडेच राहू द्या."

"तुमची तब्येत बरी नाही का? रात्रीची झोप होत नसेल. मी काय म्हणते..."

"मावशी, आत्ता माझी काळजी नका करू." मॅडमचा आवाज कापत होता. "तुम्ही मला काहीतरी जिव्हाळ्याचं सांगत होतात आणि मी झोपले. मला फार वाईट वाटतंय. तुम्हाला राग आला असेल."

"छे हो! राग कसला त्यात?"

हे उत्तर त्यांच्या जिभेवर कायम तयारच असायचं, आणि ऐकणाऱ्यालाही ते सोयीचं पडायचं. मॅडमना मात्र ते पुरलं नाही. त्या हसल्या नाहीत, की घड्याळाकडे त्यांची नजर गेली नाही. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही, नुसत्या मावशींकडे पाहत राहिल्या. आपली कुणी अशी माफी मागितल्याचं मावशींना काही आठवेना. चपला त्यांनी खाली टाकल्या.

"आला," त्या म्हणाल्या. "चांगलाच आला. म्हणून तर दार आपटलं."

"बरं केलंत."

मावशींना हसू फुटलं, आणि हसता हसताच ओठ थरथरायला लागले. त्या परत येऊन आपल्या जागी बसल्या, पर्स मांडीवरून काढून बाजूला ठेवली.

"आता नीट बसायचं. पाठ सरळ. पुन्हा डोळा लागला तर मी गदागदा हलवून उठवीन."

"उठवा."

मावशींनी घसा खाकरला. पहिले दोन शब्द जुन्याच आवाजात निघाले, तेव्हा त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बोलल्या.

"मला आई म्हणायचा तो. न्यायच्या आधी बहीण म्हणाली, तुला मावशी म्हणायला शिकव त्याला, नाहीतर माझ्याकडे राहायचा नाही. शिकवलं. मांडीवर घेऊन घोटून घेतलं. आई म्हणून हाक मारली की मी ओ द्यायचे नाही. माझ्याकडे बघायचा, पदर ओढायचा, आई आई करायचा, आणि मी भिंतीकडे बघत बसायचे. मला नव्हतं शिकवायचं!"

शेवटचं वाक्य त्या जवळजवळ ओरडल्याच. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं.