कामिनीच्या नावचं मैदान

दुसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा कुठे पोलीस उपअधीक्षक कामिनी बोरसे खुर्चीवरून उठली. शिंदखेड्याच्या तिच्या जुन्या शाळेने नवं मैदान केलं होतं आणि त्याला तिचं नाव दिलं होतं. पाटीवरचा पडदा नुकताच सरकला होता. सगळं गाव लोटलं होतं. आता तिने चार शब्द बोलायचे होते.

माइकपाशी जाताना तिची नजर तिसऱ्या रांगेत गेली. तिथे मोहिनी बसली होती, तिची जुळी बहीण. एके काळी आईसुद्धा हाक मारताना चुकायची. आता कोणी चुकलं नसतं. कपाशीच्या शेतातल्या उन्हाने मोहिनीचा चेहरा रापून गेला होता, केस निम्मे पिकले होते. दोघींचं वय अडतीस.

कामिनीने हातातला भाषणाचा कागद उघडलाच नाही.

बावीस वर्षांपूर्वी धुळ्याला धावण्याची निवड चाचणी होती. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती. सकाळी एसटीतच कामिनीला सणकून ताप भरला. पहिल्या गटात तिचं नाव होतं, दुसऱ्या गटात मोहिनीचं. मोहिनीने तिला निंबाखाली निजवलं, तिच्या नंबराचं कापड आपल्या छातीवर लावलं आणि पळाली. पहिली आली. अर्ध्या तासाने स्वतःचा नंबर लावून पुन्हा पळाली, तेव्हा पाय उचलेनात. चौथी आली.

यादीत कामिनीचं नाव लागलं. गावच्या स्टँडवर निघताना तिने मोहिनीचा हात घट्ट धरला होता. "पुण्याला पोचले की सरांना खरं सांगते. तुलाही बोलावून घेते."

सांगितलं नाही. पहिलं वर्ष भीतीत गेलं. दुसऱ्या वर्षी राज्याचं पदक मिळालं आणि मग तोंड उघडायची सोयच उरली नाही. पदकं आपण आपल्या पायांनी जिंकली, असं ती स्वतःला बजावत राहिली. पदकांमागून नोकरी आली, नोकरीमागून बढती. इकडे वडिलांनी, आबांनी, मोहिनीची शाळा सोडवली आणि अठरा सरताच तिला पारोळ्याकडे देऊन टाकलं. कामिनी दर दिवाळीला तिला साडी पाठवायची. मोहिनीने तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं कामिनीला कितीदा वाटलं.

"या पाटीवर नाव चुकलंय," ती माइकमध्ये म्हणाली. "धुळ्याच्या चाचणीत मी पळालेच नव्हते. मी तापाने झाडाखाली पडले होते. माझ्या नावावर माझी बहीण पळाली. पुण्याची जागा तिची होती. ती मी घेतली आणि बावीस वर्षं गप्प बसले."

लोक काय म्हणतील, वर्दीचं काय होईल, सगळ्याची तयारी करूनच ती आली होती.

मुख्याध्यापक डोळे पुसत उठले. "एवढ्या मोठ्या पदावरचं माणूस, आणि केवढं हे मन!" असं म्हणत त्यांनी टाळी वाजवली. पाठोपाठ अख्खा मंडप उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मोबाइल वर झाले ते सगळे व्यासपीठाच्या दिशेने. पोरी सहीसाठी पुढे धावल्या. तिसऱ्या रांगेकडे एकानेही मान वळवली नाही.

गर्दीतून वाट काढत कामिनी बहिणीपाशी पोचली. मोहिनी एकटीच अजून बसलेली होती.

"मोहिने, माफ कर माले."

मोहिनीने पदर सारखा केला आणि तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

"बठ्ठं खरं सांगी टाकं, बरं करं," ती म्हणाली. "पन टाळ्या परत तुलेच भेटन्यात."