पप्पांवरचा लेख

पप्पांना दफन करून आठवडा झाल्यावर दीनाने पेणमधलं आपलं टायपिंगचं दुकान उघडलं. त्याच दुपारी मुंबईला राहणारा तिचा मोठा भाऊ नथानियल लॅपटॉप घेऊन आला. "समाजाच्या मासिकासाठी पप्पांवर लिहिलंय. नीट मांडून दे." त्याने केबलने लॅपटॉप तिच्या कॉम्प्युटरला जोडला. त्याचं फोल्डर तिच्या स्क्रीनवर उघडलं. दीनाने लेख आपल्याकडे उतरवून घेतला आणि वाचू लागली. 'माझा हात धरूनच पप्पांनी प्राण सोडले.' तो हात दीनाचा होता. नथानियल दफनालाच पोचला होता. मग तिला फाइलची तारीख दिसली. त्या तारखेला पप्पा जिवंत होते, रोज नथानियलचीच वाट बघत होते. "दादा, आधीच लिहून ठेवलंस?" "डॉक्टर म्हणालेच होते, वाचणार नाय. म्हटलं, मागाहून घाई नको." दीनाने आपल्याकडचा लेख पुसला. केबल अजून जोडलेली होती. त्याच्या लॅपटॉपमधलाही पुसला. "नीघ," म्हणत ती हात धुवायला उठली.