चौदा नंबरचं टेबल

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही," सिरिल शॅकलॉकनं ग्लास खाली ठेवत जाहीर केलं, "पण आपल्या थेल्माबाईंना सध्या अख्खं ब्रिटन खाऊपिऊ घालतंय!"

"नाहीच ठेवणार," बारमागून टकला क्रेग म्हणाला.

नॉटिंगहॅमचा हा पब एका अवाढव्य कंपनीचा. देशभर शेकडो शाखा, आणि सगळीकडे एकच सोय: फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शाखा, टेबलाचा नंबर आणि पदार्थ दाबा, माल टेबलावर हजर. दाबणारा शेजारच्या खुर्चीत आहे की चारशे मैलांवर, स्वयंपाकघराला त्याचं सोयरसुतक नाही. गंमत म्हणून भलत्याच टेबलावर काहीबाही धाडणारे रिकामटेकडेही देशात मुबलक.

थेल्मा वुटन चौदा नंबरला एकटीच बसे. शुक्रवारी तिच्या मुलीची गाडी यायची होती, तिला कायमची आपल्या घरी, लेस्टरला न्यायला. "मी इथं नसले तर कळणार तरी कोणाला?" असं ती सोमवारी क्रेगला म्हणाली. दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसून तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोललेल्या सिरिलनं ते ऐकलं.

मंगळवारी तिच्यापुढे न मागवता चहा आला. बुधवारी केक. आणि आज गुरुवार.

"चहा कॉर्नवॉलच्या कोळ्यांचा. वर्गणी काढली त्यांनी!" सिरिल आता रंगात आला होता. "आणि केक डोव्हरच्या पाद्रीबुवांचा. भर प्रवचनात फोन काढला म्हणे माणसानं!"

"त्यांना माझं नाव कोणी सांगितलं?" थेल्मानं विचारलं.

"नाव हवंय कशाला? चौदा नंबर देशभर गाजतोय. तुम्ही शुक्रवारी गेलात, तर पार स्कॉटलंडात, आबर्डीनमध्ये दंगल उसळेल, दंगल!"

सगळा बार खिदळला. थेल्माही हसली, पण पर्स आवरू लागली.  सिरिलनं टेबलाखाली घाईघाईनं काहीतरी चाचपडलं आणि उगाच नाक शिंकरलं.

थोड्याच वेळात क्रेगनं तिच्यापुढे वाफाळती वाटी ठेवली. घोटलेले मटार, वर पुदिन्याची आंबट चटणी. नॉटिंगहॅममधल्या प्रत्येकाच्या आईनं वाढले असतील आणि बाहेर कुठे कोणी वाढणार नाही तसेच.

"बघा! आबर्डीनहून! थेट!" सिरिल उभाच राहिला.

थेल्मानं एक चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. दुसरा घातला. मग मुलीला फोन लावला.

"शुक्रवारी गाडी नको आणूस गं... नाही, बरी आहे. खातेय... हो, कायमचंच नको."

फोन ठेवून तिनं समोरची खुर्ची पायानं बाहेर ढकलली.

"बस इथं, थापाड्या!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मटारावर पुदिना घालणारा माणूस आबर्डीनमध्ये अजून जन्मायचाय!"